25 लिटरमधे बसतं सगळं

अरे तू घ्यायची म्हणतोस ती 50 लिटरची पाठीवरची बॅग आधी विसर, इंदूरजवळ जानापाव नाहीतर चोरलकडे एक रात्र काढायला 25 खूप झाली, मोठी घेतली की रिकामी जागा डोळ्यात खुपते अन् मग आपण काहीपण कोंबतो. मी पहिल्यांदा घरून निघताना अख्खा किलोभर शेवेचा पुडा घेतलेला, अर्धी बॅग त्यानेच खाल्ली (शेव उरली नाही ती गोष्ट वेगळी).

तंबूऐवजी 2 बाय 3 मीटरचा टार्प (हलकी ताडपत्री) अन् दोरी. स्लीपिंग बॅग तिच्या गोल पिशवीत भरू नको, तशीच तळाशी कोंब, कोपरे भरतात. पाणी सगळ्यात जड, लिटरला किलो, म्हणून बाटली पाठीला चिकटून मधोमध. बाटली एकपदरी स्टीलची बघ, थर्मासवाली अजिबात नको, झाकण काढून तीच विस्तवावर ठेवली की पाणी उकळतं, वेगळं भांडं वाचलं. डक्ट टेपचा रोल कशाला, लायटरवर आठ-दहा वेढे मार, बस. शिट्टी बॅगेच्या पट्ट्यालाच बांध. अन् पावसाळ्यात सगळं आधी जाड काळ्या कचऱ्याच्या पिशवीत मग बॅगेत, रेनकव्हरवर माझा भरवसा नाही, पाठीकडून पाणी शिरतंच.