इंग्लंडमधलं घर विकतोय, आधीच्या मालकाने बदललेल्या खिडक्यांचं सर्टिफिकेट नाही आणि सॉलिसिटर (व्यवहाराचा वकील) मागतोय, काय करू?

घाबरू नका, हे खूप जणांचं होतं. आधी तारीख शोधा, कारण बदललेल्या खिडक्या बिल्डिंग रेग्युलेशन्सप्रमाणे (बांधकामाच्या सरकारी नियमांप्रमाणे) असल्याचं सर्टिफिकेट लागण्याचा नियम १ एप्रिल २००२ पासूनचा आहे, त्याआधीचं काम असेल तर सर्टिफिकेटचा प्रश्नच येत नाही, आणि नुसती फुटलेली काच बदलली असेल तरी नाही. नंतरचं असेल तर फेन्सा आणि सर्टास (खिडक्या बसवल्याच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या संस्था) दोन्हीच्या साइटवर पत्ता टाकून बघा, बऱ्याचदा काम रजिस्टर झालेलं असतं फक्त कागद हरवलेला असतो, थोडी फी भरली की डुप्लिकेट मिळतं.

तिथेही नसेल तर काउन्सिलकडून रेग्युलरायझेशन (झालेल्या कामाला मागाहून मंजुरी), नाहीतर इन्डेम्निटी इन्शुरन्स (सर्टिफिकेट नसल्यामुळे पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा). पण आधी काउन्सिलला फोन केलात तर इन्शुरन्सवाले सहसा पॉलिसी देत नाहीत, त्यामुळे सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय काउन्सिलला काहीही कळवू नका!

आणि एक, पॉलिसीने काच सेफ होत नाही हो. दारातली काच आणि जमिनीपासून ८०० मिमीच्या आत येणारी खिडकीची काच सेफ्टी ग्लास हवी, कोपऱ्यात बारीक शिक्का असतो तो टॉर्च मारून बघा. नसेल तर नवीन मालकाला स्पष्ट सांगा, लहान मुलं असतात लोकांच्या घरात.