बिजागरी बदलली आणि वायफाय मंदावलं

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. साताऱ्यात मंगळवार पेठेत जुन्या दगडी घरात राहते. संध्याकाळी परगावच्या मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते. लॅपटॉप २०१३चा आहे. दिवाळीत त्याच्या झाकणाची बिजागरी बदलून घेतली, तेव्हापासून वायफाय फार हळू झालंय. वेग चार-पाच एमबीपीएस, मुलांचा आवाज तुटतो. त्याच खोलीत मोबाइलवर साठ दिसतो. मोठा प्लॅन घ्यावा की नवा लॅपटॉप?

उत्तर : बाई, नमस्कार. दोन्ही घेऊ नका. मोबाइलवर साठ दिसतोय, म्हणजे घरापर्यंत वेग नीट येतोय. आणि लॅपटॉपचं दुखणं बहुधा तुम्हीच बिजागरीच्या वाक्यात सांगितलंय.

लॅपटॉपचा अँटेना झाकणात, स्क्रीनच्या कडेला असतो. तिथून शेवयांसारख्या बारीक वायरी, बहुतेक वेळा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीजवळून खाली उतरतात आणि वायफाय कार्डावर बसतात. टोकाला कणीएवढी गोल टोपी असते. नखाने दाबली की टक् करून बसते. बिजागरीच्या कामात ती निघते आणि परत बसवायची राहते, नाहीतर वायर चेंगरते. पोवई नाक्याजवळच्या माझ्या दुकानात बिजागरी बदलून आलेला लॅपटॉप आला, की मी आधी ही टोपीच बघतो.

पण भिंतीचा दोष वायरीवर जायला नको, म्हणून एक करा. लॅपटॉप राउटरला खेटून ठेवा आणि वेग मोजा. मग त्याच खोलीत चार पावलं मागे जा. तेवढ्यानेच सिग्नलच्या दांड्या कोसळल्या तर वायर सुटलेली आहे, असं समजायला हरकत नाही. त्या खोलीत सगळं ठीक आणि पलीकडे गेल्यावरच पडझड होत असेल, तर दोष दगडी भिंतीचा. राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर आधी तो उघड्यावर, उंचावर आणा.

मोबाइलशी तुलना करतानाही जपून. वायफायच्या यादीत राउटरची बहुधा दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असतं. ते ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. मोबाइलही त्याच नावाला जोडून मोजा, मगच तुलना खरी.

२.४ची वाट अरुंद आहे. एका अँटेनाच्या कार्डाला साध्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसची जोडणी मिळते, हातात पडतो त्याच्या जेमतेम निम्मा वेग. पेठेत शेजाऱ्यांचे राउटरही याच पट्ट्यात बोलतात, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली वाट, १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा ठेवा. तिथेच सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली असेल तर डब्ल्यूपीए२-एईएस ही नवी करा; टीकेआयपीवर वेग ५४च्या वर जातच नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अ‍ॅडॉप्टरला ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ द्या. बॅटरीवर शिकवत असाल तर हे नक्की तपासा.

वायर ठीक निघाली तर २.४ आणि ५ हे दोन्ही पट्टे पकडणारा यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं छोटं वायफाय यंत्र, लावा. आणि शक्य असेल तर तासापुरती राउटरपासून लॅपटॉपला सरळ लॅन केबल जोडा. मुलांना श्लोकाचा उच्चार नीट ऐकू यायला हवा. तिथे मला वायफायपेक्षा केबलचाच भरवसा वाटतो.

वायर सुटल्याचं वाटलं तर बिजागरी जिथे बदलली तिथेच न्या, आणि बॅटरी सोडवून तुमच्यासमोर उघडायला सांगा. टोपी नुसती निसटलेली असेल तर काम थोड्या वेळाचंच आहे.