संस्था आल्या की वस्तीतली चळवळ थंडावते का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात वस्तीपातळीवर काम करायचं तर एनजीओत नोकरी धरावी की संघटनेत जावं, आणि संस्था आल्या की चळवळ थंडावते हे खरं का. मी पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीत सात वर्षं संस्थेची कर्मचारी होते. माझ्या डोळ्यांदेखत थंडावली, आणि ती थंडावायला मीही हातभार लावला.

मी गेले तेव्हा नळाला पहाटे तासभर पाणी यायचं. धुणीभांडी करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी गल्लीत हाक दिली की चाळीसेक बायका हंडे घेऊन पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयावर जायच्या आणि निवेदनाची पोच हातात पडेपर्यंत उठायच्या नाहीत. आम्ही त्यांना प्रकल्पात वस्ती कार्यकर्ती म्हणून घेतलं, मानधन सुरू केलं. त्या पैशांची त्यांच्या घराला गरज होती. कष्टाचं मोल मिळायलाच हवं, हे मला आजही पटतं. पण पुढच्या हाकेला दहा-बाराच जणी आल्या. "तुला पगार मिळतो, तूच जाऊन ये," असं बायका तोंडावर म्हणाल्या. ताईंना ते फार लागलं. त्यात त्यांचा दिवस हजेरीपट, फोटो आणि तिमाही अहवालात जायला लागला. अहवालात लाभार्थी किती, याचा रकाना होता. साहेबांसमोर उभं राहून बोलायला कितीजणी शिकल्या, हे लिहायला जागाच नव्हती. पुन्हा मोर्चाचा विषय निघाला तेव्हा वरिष्ठ म्हणाले, बॅनरवर संस्थेचं नाव नको, जायचं तर रजा टाकून जा. तीन वर्षांनी मार्चमध्ये निधी संपला, मानधन थांबलं, आणि तोवर एकत्र निघायची सवयही मोडली होती.

निधी जाईल ही वरिष्ठांची भीती पोकळ नव्हती. परदेशी देणग्यांच्या 2010 च्या कायद्यात राजकीय स्वरूपाच्या संघटनांना असा पैसा घ्यायला बंदी आहे आणि 2011 च्या नियमांनी बंद, रास्ता रोकोसुद्धा त्या व्याख्येत ओढले होते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय राजकारणात नसलेल्या संघटनांना त्यातून दिलासा दिला. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीला द्यायलाच मनाई झाली, म्हणजे मोठ्या संस्थेकडून वस्तीतल्या छोट्या गटाकडे येणारी वाट बंद. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा 2013 च्या कंपनी कायद्यातल्या यादीप्रमाणे खर्च होतो. वॉटर फिल्टर बसवायला तो मिळतो. पाणी का येत नाही म्हणून पालिकेला जाब विचारणाऱ्यांना तो दिलेला मी तरी पाहिला नाही.

वेगळं घडू शकतं, हे आपल्याच शहरात दिसतं. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ती कचरावेचकांची युनियन आहे, सभासद वर्गणी भरतात. घरोघर कचरा गोळा करायचं काम पालिकेकडून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी 'स्वच्छ' ही वेगळी सहकारी संस्था काढली आणि युनियन युनियनच ठेवली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सेवा देणारी संस्था पालिकेशी करार करते, आणि पालिकेशी भांडायला युनियन मोकळी राहते.

म्हणून संस्था टाळा असं मी म्हणणार नाही. वकील, सर्वेक्षण, माहिती अधिकाराचे अर्ज, पोलीस चौकीत सोबत, हे सगळं आम्हाला संस्थांकडूनच मिळालं. फक्त मुलाखतीत तुम्हीही दोन गोष्टी विचारा: निधी संपल्यावर मागच्या वस्तीत काय उरलं, आणि जमाखर्च वस्तीसमोर वाचला जातो का.

आमच्या ताईंनी दीड वर्षापूर्वी पुन्हा गट बांधायला घेतला. महिना वीस रुपये वर्गणी, पावतीपुस्तक त्यांच्याकडे. मानधन कोणालाच नाही, त्यामुळे दोघीजणी गळाल्या, त्यांना दोष देता येत नाही. गेल्या महिन्यात पाण्यासाठी सव्वीसजणी गेल्या होत्या.