23 पटाच्या शाळेत दिवस कसा जातो

तुमचा प्रश्न वाचला. जूनपासून पुणे सोडून कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी कायमचं राहायला येताय, मुलगी दुसरीत जाईल, गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट पंचवीसच्या आत आणि शिक्षक दोनच. अशा शाळेत दिवसभर नेमकं काय चालतं आणि मुलगी मागं तर पडणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी शेजारच्या खटाव तालुक्यात अशाच एका शाळेवर शिक्षिका आहे. नोकरीला 17 वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा इथं. यंदा आमचा पट 23. पहिलीत 5, दुसरीत 7, तिसरीत 4, चौथीत 7. एक मी आणि एक सर. त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही, रोजचंच सांगते.

शाळा साडेदहाची. पण त्याआधीच चौथीतल्या कुणीतरी शेजारच्या घरून किल्ली आणून कुलूप काढलेलं असतं. आम्हाला शिपाई नाही. घंटा कुणी द्यायची, फळ्यावर तारीख आणि पट-हजर कुणी लिहायचं, वाचनपेटीतल्या पुस्तकांची नोंद कुणी ठेवायची, झाडांना पाणी कुणी घालायचं, ही सगळी कामं पोरांच्या नावावर लावलेली आहेत आणि दर सोमवारी ती बदलतात. खराटा आम्ही दोघंही हातात घेतो. पोरं 23 आणि कामंही जवळपास तेवढीच, म्हणून एक जरी पोरगं आलं नाही तरी लगेच कळतं. "आज घंटा कुणाची होती?" असं कुणीतरी विचारतंच. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर खरं तर इथंच आहे. मी साठ पोरांच्या वर्गावरही शिकवलंय. तिथं चार हुशार पोरं पुढं येतात आणि मधल्या बऱ्याच जणांचं वर्ष नुसतं बसून जातं, कितीही जीव तोडला तरी. इथं शाळेचंच पोरांवाचून अडतं, त्यामुळं प्रत्येकाला पुढं यावं लागतं.

परिपाठाचंच बघा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग सुविचार, दिनविशेष, बातमी, गोष्ट. मोठ्या शाळेत हे माइकवर ठरलेली चार पोरं करतात. आमच्याकडं प्रत्येकाची पाळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, पहिलीतल्यांचीसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी पहिलीत एक मुलगा आला होता. दिवाळीपर्यंत बोलणार नाही असं आईनं आधीच सांगितलं होतं, घरीही तो मोजकंच बोलायचा. त्याला आम्ही पावसाचं काम दिलं. प्लॅस्टिकच्या सरळ बाटलीचा गळा कापून, तो उलटा बसवून, बाजूला पट्टी चिकटवून केलेलं पर्जन्यमापक आमच्या आवारात आहे. ते बघायचं आणि परिपाठात आकडा सांगायचा, एवढंच. आमचा भाग दुष्काळी. जून-जुलैत बहुतेक दिवस त्याला "शून्य" म्हणावं लागायचं, तेही ओठातल्या ओठात. शेजारचा पोरगा मोठ्यानं सांगायचा, "बाई, शून्य म्हणतोय." सप्टेंबरात एका रात्री चांगला पाऊस लागला. सकाळी मी गाडी लावतेय तोवर हा फाटकातून पळत आला, बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, शर्ट ओला. "बाई, बेचाळीस! बेचाळीस मिलिमीटर!" आदल्या दिवसापर्यंत मला त्याचा आवाज नीट माहीत नव्हता. आता तो तिसरीत आहे आणि परिपाठात बातम्या वाचतो.

शिकवण्याचं म्हणाल तर पहिली-दुसरी माझ्याकडं एका खोलीत, तिसरी-चौथी सरांकडं. ऐकायला अडचणीचं वाटतं, आणि सुरुवातीला मलाही अडचणच वाटायची. पण पहिलीला मी दशक शिकवत असते तेव्हा दुसरीतल्या ज्या पोरीचं गेल्या वर्षी काही सुटलेलं असतं ती मान वळवून ऐकत असते. कडब्याच्या कांड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे काम मी दुसरीकडं देते आणि त्यांनी ते पहिलीला समजावायचे. समजावता समजावता त्यांचंच पक्कं होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शिक्षण खात्यानं देखरेखीसाठी केलेला शाळांचा गट) शाळांनी फरशीवर अक्षरं, संख्यारेषा, चिंचोके, खडे अशा साहित्यातून शिकवायची पद्धत रुजवली आणि ती बघायला राज्यभरातून शिक्षक येऊन गेले. आमच्या खोलीतल्या फरशीवरची संख्यारेषा तिथूनच आलेली. दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा रंगवावी लागते. इंग्रजी राज्यात 2000 पासून पहिलीपासूनच आहे, तेव्हा त्याची वेगळी धास्ती नको.

दुपारचा भात हा आमच्याकडं गणिताचा तासच असतो. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. हजेरी झाली की चौथीतली दोन पोरं हिशेब करतात. आज हजर 21, म्हणजे 2 किलो 100 ग्रॅम. मग स्वयंपाकाच्या ताईंसमोर काट्यावर तांदूळ मोजून देतात. जेवणातून रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, म्हणून डाळ, मटकी, वाटाणा आलटून पालटून असतो. मेथी, शेवगा आणि कढीपत्ता आमच्या परसबागेतला. वाढायच्या आधी चव घेऊन वहीत नोंद करावी लागते आणि त्यासाठी आम्ही पालकांनाही बोलावतो. तुम्हीही एकदा जा. पोरांबरोबर पंगतीत बसल्यावर शाळेचं जेवढं कळतं तेवढं पालकसभेत कळत नाही.

सणवार, कार्यक्रम भरपूर. जूनमध्ये नव्या पोरांना फुलं देऊन आत घेतात आणि पाठ्यपुस्तकं पहिल्याच दिवशी हातात पडतात. आषाढात दिंडी निघते, बेंदराला मातीचे बैल होतात, 15 ऑगस्टला प्रभातफेरी. मध्येच आरोग्य तपासणीचं पथक येतं, जंताच्या गोळ्या देतात. हे सगळीकडं सारखंच, त्यावर फार लिहीत नाही.

लिहायचंय ते बाजाराबद्दल. थंडीत एक दिवस शाळेच्या मैदानात पोरांचा बाजार भरतो. घरचीच मेथी, शेपू, पावटा, बोरं, चिंचा, कुणाच्या आईनं केलेली भजी. सगळा गाव पिशव्या घेऊन येतो. गेल्या खेपेला दुसरीतला एकजण शेपूच्या जुड्या घेऊन बसला होता, दहाला एक. एका आजींनी घासाघीस केली, यानं दोन जुड्या पंधराला दिल्या. आजींनी पन्नासची नोट पुढं केली. वर्गात याची हातच्याची वजाबाकी काही केल्या बसत नव्हती, म्हणून मी मुद्दाम मागं जाऊन उभी राहिले. त्यानं नोट गुडघ्याखाली दाबली, डब्यातून पाचचं नाणं काढून आजींच्या हातावर ठेवलं, "वीस." मग दहाच्या नोटा एक-एक ठेवत, "तीस, चाळीस, पन्नास." आणि वर बघून म्हणाला, "झालं, आज्जी." पस्तीस हा आकडा त्यानं उच्चारलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरची वजाबाकी त्याच्या पद्धतीनं मांडली आणि दुसरीच्या निम्म्या पोरांची गाडी चालू झाली.

मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो तेव्हा आमच्याकडं हजेरी सहा-सातवर येते. आम्ही रागवत नाही. रथावर भाविक नोटा लावतात, खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. दुसऱ्या दिवशी पोरं बैलजोड्यांच्या किमती तोंडपाठ सांगतात आणि चौथीची मोठ्या संख्यांची उजळणी त्याच किमतींवर होते.

सहल मात्र मी हौसेनं ठरवते. मागच्या वर्षी खंडाळा तालुक्यातल्या नायगावला गेलो, सावित्रीबाई फुल्यांच्या जन्मगावी. 3 जानेवारी 1831 चा जन्म. जिनं मुलींसाठी शाळेचं दार उघडलं ती आपल्याच जिल्ह्यातली, हे पोरींना त्या घरात उभं राहून कळलं. तिथून साताऱ्याला आलो. प्रतापसिंह हायस्कूल बाहेरून दाखवलं आणि सांगितलं, 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव या शाळेच्या रजिस्टरात चढलं, म्हणून 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. परतीच्या गाडीत तिसरीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या रजिस्टरात आमची नावं हायत का?" सोमवारी मी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं. तिच्या आजोबांचं नाव सापडलं, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, आणि शाळा सोडल्याचं कारण, "गुरे राखणे". तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. संध्याकाळी आजोबा स्वतः आले, चष्मा लावून ती ओळ वाचायला.

आता बाहेरून येणाऱ्या पोरांचं. आमच्या भागातली पुष्कळ घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत, देशभर पसरलेली. तीन वर्षांपूर्वी अशाच घरातली एक मुलगी तमिळनाडूतून थेट तिसरीत आली. घरी मराठी बोलायची, पण वाचता अक्षरही येत नव्हतं. आम्ही तिला रोज पहिला तास पहिलीच्या पोरांबरोबर बसवलं, बाकी वेळ तिसरीत. तिला ते कमीपणाचं वाटू नये म्हणून पहिलीला तमिळ आकडे शिकवायचं काम तिच्याकडं दिलं. महिनाभर सगळी शाळा लंगडी खेळताना "ओण्णु, रेण्डु, मूणु" मोजत होती. होळीपर्यंत ती गोष्टीची पुस्तकं वाचायला लागली. तुमच्या मुलीला तर मराठी येतंच, तिची मला काळजी वाटत नाही.

अडचणीही सांगते, कारण तुम्ही पोरीचं वर्ष पणाला लावताय. दोन शिक्षकांपैकी एक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला की चारही वर्ग एकाकडं येतात. त्या दिवशी मी सगळ्यांना व्हरांड्यात घेऊन बसते, वाचन, गोष्ट, पाढे, चित्र. दिवस वाया जात नाही, पण नवा धडाही होत नाही. शिवाय ऑनलाइन भरायची माहिती सतत मागितली जाते. ती शाळा सुटल्यावर भरायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय, तरी कधीकधी तातडीचं म्हणून तासातच भरावी लागते, आणि तेव्हा पोरांकडं पाठ करून बसल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. बदलीत एखादा शिक्षक गेला आणि जागा लवकर भरली नाही तर वर्षाची घडी विसकटते. आणि मुलीच्या वयाच्या मैत्रिणी दोन-तीनच असतील. कबड्डीच्या संघात चौथीचा दादा आणि पहिलीचं पिल्लू एकत्रच खेळतात.

म्हणून नाव घालायच्या आधी एक सकाळ शाळेत जाऊन परिपाठाला मागं उभे राहा. बोलतंय कोण ते बघा, ठरावीक दोन-तीन पोरं की सगळी. दोन्ही शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का ते विचारा. वाचनपेटीतली पुस्तकं हाताळून बघा, पानं मळलेली असतील तर चांगलं लक्षण समजा. पुण्याच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. फी नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीत जमलं तर जरूर जा. तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, पण प्रत्यक्षात बैठकीला येणारे पालक मिळवायला आम्हाला घरोघर फिरावं लागतं. तुमच्यासारखं विचारून येणारं माणूस त्या गुरुजी-बाईंना हवंच असेल.

गाव तुमचंच आहे, तेव्हा जनरल रजिस्टरही बघायला मागा. वडिलांचं किंवा आजोबांचं नाव निघालं तर मुलीला दाखवा.

आणि तिला पाण्याची बाटली जरा मोठी घेऊन द्या. निम्मं पाणी झाडाला जातं.