आधी उसळ, मग भाकरी

अरे, वजन कमी करायचं म्हणून एकदम दिवसाला ८०० कॅलरींवर उतरू नकोस. मीही हा शहाणपणा केला होता. तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना पाय जड आणि भर दुपारी हात गार. खाणं फार तोडलं की शरीरही खर्चाला हात आखडता घेतं, आपली हालचालही नकळत मंदावते.

शिवाय सगळ्या कॅलरी सारख्या नसतात. प्रथिनांच्या १०० कॅलरींपैकी २० ते ३० पचवण्यातच जातात, कर्बोदकांच्या ५ ते १०, तेलातुपाच्या जेमतेम ३. म्हणून आधी वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी, मग भाकरी. फोडणीचं तेल बाटलीतून ओतू नकोस, चमच्याने मोज. मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात. आणि रोज काट्यावर चढू नकोस, नुसत्या पाण्यानेच किलोभर इकडेतिकडे होतं.