करोना ओसरला, मनातली भीती राहिली

प्रश्न : २०२१च्या एप्रिलमध्ये माझे मिस्टर करोनाने गेले. मी स्वतः विलगीकरणात होते. शेवटचा चेहराही दिसला नाही. अजून दाराची बेल वाजली की वाटतं, तेच आले. मला वेड लागतंय का? (कळवा)

नाही ताई, वेड लागलेलं नाही. अंत्यदर्शन, दहावं-तेरावं, भेटायला येणारे नातलग, पिठलं-भात घेऊन येणारे शेजारी या सगळ्यांतून मन हळूहळू मानतं की माणूस गेला. तुमच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. ते आता करा, इतक्या वर्षांनीही चालतं. वर्षश्राद्धाला जवळच्या माणसांना बोलवा आणि मिस्टरांबद्दल प्रत्येकाला बोलू द्या. सांगायचं राहून गेलेलं वहीत लिहा. मुलांसमोर रडू आलं तर आवरू नका. तीही बहुधा तुमच्याकडे बघून गप्प बसली असतील.

मात्र रोजची कामंच ठप्प झाली असतील, तर समुपदेशकाकडे जाच. आणि ‘आपणही जावं’ असं मनात आलं, तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला सांगा किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वाशीच्या बाजारात कामाला आहे. मे २०२०मध्ये रुग्ण वाढले म्हणून बाजार बंद ठेवला होता, तेव्हापासून गर्दीची धास्ती बसली. ठाण्याहून लोकलमध्ये चढलो की छाती धडधडते, मधेच उतरतो. ईसीजी, टूडी इको नॉर्मल आहे. (ठाणे पूर्व)

हृदय आधी तपासून घेतलंत, हे योग्य केलंत. तुमचं वर्णन पॅनिक अटॅकशी, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी जुळतं. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. पण तुम्ही त्याआधीच उतरता, त्यामुळे मेंदूची समजूत पक्की होते की उतरलो म्हणून वाचलो! दुपारच्या रिकाम्या गाडीने, सोबत कुणाला घेऊन, फक्त ऐरोलीपर्यंत जा. धडधड सुरू झाली तरी बसून राहा, श्वास सावकाश सोडा. ऐरोली जमलं की घणसोली, मग तुर्भे. गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. स्वतःहून जमलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ हेच तुमच्याकडून टप्प्याटप्प्याने करून घेतील.

प्रश्न : आई अजून दुधाच्या पिशव्या साबणाने धुते, हात तर सोलून निघालेत. (नेरूळ)

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, हे त्यांनाही ठाऊक असणार. समजावून हे सुटत नाही. ओसीडी, म्हणजे नको असलेला विचार आणि तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मनाचा आजार असण्याची शक्यता आहे. थेरपी आणि गोळ्यांनी चांगला फरक पडतो. रागावू नका, पण त्यांच्यासाठी तुम्ही धुतही बसू नका.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये भावाची नोकरी गेली, तेव्हापासून तो खोलीतच असतो. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतो, ‘मला ठाण्याला टाकताय का?’ (कोपरखैरणे)

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्याच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या थट्टा झाली, आणि त्या थट्टेपायी कितीतरी माणसं उपचारांवाचून राहिली याचं मला फार वाईट वाटतं. तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. तपासून, औषध घेऊन घरी जाता येतं. भावाला सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांत रुग्णाच्या संमतीला महत्त्व दिलंय. इच्छेविरुद्ध दाखल करायला कडक अटी आहेत. तरी बिचकला तर आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे न्या, झोप आणि भुकेची तक्रार सांगायला. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्याआधी, किंवा बरं वाटायला लागल्यावरही, डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू देऊ नका.