गॉसफर्थच्या चर्चच्या आवारातल्या क्रॉसवर नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियातले) देव कसे काय?

कारण कोरणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा जुना नॉर्स आणि नवा ख्रिस्ती असे दोन्ही धर्म एकाच वेळी नांदत होते. इंग्लंडच्या कंब्रियातला हा क्रॉस दहाव्या शतकातला, म्हणजे स्कँडिनेव्हियातून येऊन तिथे स्थायिक झालेले व्हायकिंग ख्रिस्ती होत होते तेव्हाचा. तांबूस वालुकाश्म, उंची सुमारे ४.४ मीटर, खाली गोल आणि वर चौकोनी. एका बाजूला क्रुसावरचा येशू. दुसरीकडे बांधून घातलेला कपटी नॉर्स देव लोकी, त्याच्या अंगावर सापाचं विष ठिबकू नये म्हणून वाटी धरून बसलेली त्याची बायको सिगिन. (मला तर येशूपेक्षा हीच जास्त लक्षात राहते.) लांडग्याचा जबडा फाडणारा विदार हा देवही आहे. आता कायद्याने संरक्षित असला, तरी उभा उघड्यावरच, पावसात. नक्षी झिजलीय, त्यामुळे तिरप्या उन्हात बघा.